समाधानाचा रकाना

बायको गेल्यानंतर पाचव्या महिन्यात माझ्याकडे मार्गदर्शन कक्ष आला. देताना आमचे विभागप्रमुख म्हणाले, "सर, तुम्हाला आता घरी जायची घाई नसते." त्यांनी ते प्रेमानं म्हटलं होतं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही असं मी घरी पोहोचेपर्यंत स्वतःला समजावत राहिलो, आणि कुलूप उघडताना मला त्या वाक्याची किळस आली.

मी इतिहास शिकवतो. विद्यापीठाचं नाव इथं लिहीत नाही, लिहून काही साधणार नाही. हा कक्ष होता दुसऱ्या विद्यापीठांतून मधूनच आमच्याकडे येणाऱ्या मुलांसाठी. बाहेर एखादं वर्ष झालेलं असतं, मग काहीतरी घडतं आणि मूल आपल्या शहरात परत येतं. त्याचे तिकडचे पेपर आमच्या पेपरांशी जुळतात का, हे समकक्षता समिती ठरवते. जुळले तर मूल थेट पुढच्या वर्षात बसतं. कागद अपुरे असले किंवा तारीख टळली तर त्यानं सगळं पहिल्यापासून करायचं. कोणते कागद लागतात, ते कुठून आणायचे आणि कोणत्या तारखेच्या आत, एवढं सांगणं माझं काम होतं. नीट सांगितलं तर पाच मिनिटं पुरतात.

खोली परीक्षा विभागाशेजारची, पूर्वी गोदाम असलेली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हलवले होते, पण त्यांचा वास भिंतींनी ठेवून घेतला होता. ओला कागद आणि उंदीर. टेबलावर जाड काच होती. काचेखाली कुणी तरी पूर्वी ठेवलेलं देवाचं चित्र, जुन्या सुट्ट्यांची यादी आणि त्या दोघांच्या मध्ये एक चपटं झालेलं झुरळ. बरेच महिने झाले असावेत, कारण त्याचा रंग उडून ते कागदासारखं झालं होतं.

"हे काढायला हवं," मी पहिल्या दिवशी म्हटलं.

"काढू की सर," कक्षाचा सहायक म्हणाला. "आधी फ्लेक्स लावून घेऊ."

हा सहायक कंत्राटी होता, देवगाव रंगारीहून रोज मोटारसायकलवर यायचा. दोन मुलांचा बाप, कामाला वाघ, आणि मनानं वाईट अजिबात नाही. कक्ष म्हणजे काय हे मला त्यानंच शिकवलं. त्यानं रजिस्टर उघडून समोर ठेवलं. क्रमांक, नाव, पूर्वीचं विद्यापीठ, फोन, सही आणि शेवटचा रकाना : 'समाधान झाले काय?' पानाच्या पहिल्या ओळीत कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'संपूर्ण माहिती मिळाली. समाधान झाले.' त्याच्याखाली पान संपेपर्यंत, प्रत्येक नावासमोर, 'वरीलप्रमाणे'च्या दोन छोट्या रेघा. पान उलटलं की पुन्हा एकाचं समाधान आणि बाकीच्यांच्या रेघा.

"आधी सही घ्यायची सर," तो म्हणाला. "मग फोटो. मग काय बोलायचं ते बोला."

"उलटं नको का?"

"उलटंच होतं पहिलं. तुमच्या आधीचे सर होते ना, ते आधी बोलायचे. पोरं ऐकायची अन् चालू पडायची. रकाना कोरा. तपासणी समिती आली, ती काय पोरांना इचारती व्हय? ती रकाने बघती. लई बोलणी खाल्ली तवा. तवापासून आधी सही."

फोटोसाठी त्याच्या मोबाइलमध्ये एक ॲप होतं. फोटोखाली ठिकाण, तारीख आणि वेळ आपोआप उमटायची. मूल खुर्चीत बसायचं, मी बोट कागदावर ठेवून काही समजावत असल्यासारखा वाकायचो, मागे फ्लेक्स. कागद कोणताही असे. दोनदा तर ते वर्तमानपत्र होतं. "सर, थोडं तोंड हलवा, बोलत असल्यावानी दिसू द्या," सहायक म्हणायचा, आणि मी तोंड हलवायचो. पंचेचाळिशी उलटलेला, घरात दोन कपाटं भरून पुस्तकं असलेला माणूस, आवाज न काढता तोंड हलवायचा.

ती मुलगी आली त्या दिवशीही हेच झालं.

ती औरंगपुऱ्यातल्या एका बाइंडरची मुलगी. हैदराबादला खालाच्या, म्हणजे मावशीच्या घरी राहून तिनं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष केलं होतं. खालाच्या मुलाचं लग्न झालं, घरात सून आली, आणि दोन खोल्यांत हिच्या गादीला जागा उरली नाही. म्हणून ती परत आली. गुणपत्रिका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होती. गणिताचे गुण पाहून मी भुवया उंचावल्या, तेव्हा ती म्हणाली, "सर, त्यात एक चूक झाली होती माझी. नाहीतर अजून आले असते." बढाई म्हणून नाही, दुरुस्ती म्हणून. मला ती आवडली.

तिनं सही केली. रकान्यात काय लिहू असं विचारलं. "वरच्यासारखं," सहायक म्हणाला. तिनं दोन रेघा काढल्या. फोटो झाला. तिनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

त्याच वेळी माझा फोन वाजला. गॅस एजन्सीतून होता. कनेक्शन बायकोच्या नावावर होतं. फोनवरचा माणूस म्हणाला, मॅडमचा अंगठा लागेल, त्यांना घेऊन एकदा या. मी बाहेर व्हरांड्यात गेलो. मॅडम नाहीत, मी म्हटलं. "गावी गेल्यात का?" त्यानं विचारलं. "मग आल्यावर आणा, काही गडबड नाही."

मी आत आलो. मुलगी तशीच बसली होती, वही उघडी. मला त्या वेळी सगळं आठवत होतं, हे मी इथं स्पष्ट लिहितो, कारण पुढे मी दुसरंच लिहून दिलं. जुन्या विद्यापीठाकडून प्रत्येक पेपरच्या अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत लागते, ती यायला आठवडे लागतात, आणि शेवटची तारीख अठरा दिवसांवर आहे, हे सगळं मला ठाऊक होतं. परिपत्रक माझ्या खणात होतं. फक्त मला बोलायचं नव्हतं. एका नव्या माणसासमोर पाच वाक्यं बोलणं मला त्या दुपारी नको वाटलं.

"तीन आठवड्यांनी या," मी म्हटलं. "तोवर स्थलांतर प्रमाणपत्र मागवून ठेवा. बाकी तेव्हा बघू."

तिनं वहीत तेवढंच लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा बरोबर वडील होते. तारीख टळून तीन दिवस झाले होते. स्थलांतर प्रमाणपत्र तिनं आणलं होतं, नवंकोरं, घडी न पाडलेलं. मी परिपत्रक पुढे केलं आणि तिनं ते वाचलं. तिचा चेहरा बदलला नाही. तिनं फक्त तारखेवर बोट ठेवलं आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी सहायकाकडे पाहिलं.

"उपकुलसचिवांना भेटा," सहायक म्हणाला. "ते काय करतील तर करतील."

आम्ही तिघं वर गेलो. उपकुलसचिव गोड बोलणारे गृहस्थ. त्यांच्या टेबलावरच्या कपात चहा निवला होता आणि त्याच्यावर सायीची सुरकुतलेली कातडी धरली होती. ते बोलता बोलता ती चमच्यानं उचलून बशीच्या कडेला पुसत होते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी रजिस्टर मागवलं.

"ही सही कुणाची?"

"माझी," मुलगी म्हणाली.

"आणि इथं काय आहे?"

"रेघा आहेत सर."

"रेघा म्हणजे वरीलप्रमाणे." त्यांचं बोट रकान्यातून वर वर चढत गेलं आणि पहिल्या ओळीवर थांबलं. "वर काय लिहिलंय? वाचा बरं मोठ्यानं."

तिनं वाचलं. "संपूर्ण माहिती मिळाली. समाधान झाले."

"मग?" ते हसून म्हणाले. "त्या दिवशी समाधान झालं होतं ना? फोटो पण असेल. हसत असाल त्यात तुम्ही."

तिचे वडील इतका वेळ रजिस्टराच्या पाठीवरून अंगठा फिरवत होते. धंद्याची सवय असावी. "साहेब, याची शिलाई कच्ची आहे," ते म्हणाले. "पानं सुटतील." मग त्यांचंच त्यांना कळलं की हे बोलायची ही जागा नाही. "साहेब, बच्चीनं पास केलंय सगळं. साल जाऊ नका देऊ तिचं. हात जोडतो."

"अहो चाचा, जाऊ कोण देतंय? पहिल्या वर्षाला प्रवेश आहेच की. गुणवंत मुलगी, पुन्हा पहिली येईल."

"नाही," मुलगी म्हणाली. "मी पास केलेल्या वर्गात परत नाही बसणार. त्यापेक्षा सोडून देईन."

"बेटा..."

"अब्बा, नक्को. मी सांगून ठेवते."

ती माझ्याकडे वळली. तिनं तोंडानं काही विचारलं नाही, पण काय विचारतेय ते कळण्यासाठी फार हुशार असायची गरज नव्हती. तुम्ही सांगितलं होतं का, एवढंच तिला हवं होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर दुचाक्यांचं पार्किंग होतं, दुसरं काही नव्हतं. मी तिथं बराच वेळ पाहत राहिलो, आणि मला माहीत होतं की खोलीतली सगळी माणसं माझ्याविषयी एकच विचार करतायत : बिचारे सर, यांचं मन ठिकाणावर नाही.

शोक हे फार सोयीचं पांघरूण असतं. पाच-सहा महिन्यांत मला ते चांगलं अंगात बसलं होतं. पेपर तपासायला उशीर झाला, बैठकीला गेलो नाही, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण विसरलो, सगळं माफ. मीही हळूहळू ते दोन्ही बाजूंनी ओढून घ्यायला शिकलो होतो. त्या दिवशी खिडकीपाशी मला प्रथमच त्याचा वास आला.

ती दोघं गेल्यावर मी मागे थांबलो. उपकुलसचिवांना म्हटलं, "सर, या सह्या आम्ही आधी घेतो. बोलण्याच्या आधी. सगळ्यांच्याच. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं."

त्यांनी दार लावून घेतलं. "बसा. चहा सांगू?"

"नको."

"सर, हे तुम्ही बोललात, मी ऐकलं नाही. महिन्यावर तपासणी आलीय. एका पोरीसाठी अख्खं रजिस्टर खोटं म्हणायचं? उद्या त्यातली सगळी पोरं येऊन दारात बसली तर?"

"मग तिचं काय?"

"तिचं करू ना. विलंब माफ करायचा अधिकार आहे आपल्याला. फक्त कारण पाहिजे. सबळ." त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्याकडे कारण आहे की."

"कोणतं?"

त्यांनी टेबलाकडे बघत म्हटलं, "वहिनींचं."

मला आधी समजलं नाही. मग समजलं.

"तुम्ही लिहून द्या," ते म्हणाले, "पत्नीच्या निधनामुळे माझी मनःस्थिती ठीक नव्हती, त्यामुळे सदर विद्यार्थिनीस अंतिम तारीख सांगण्याचं अनवधानानं राहून गेलं. रजिस्टर तसंच राहतं, पोरीला तीन आठवडे मिळतात, आणि तुम्हाला कोण काय बोलणार? माणुसकी आहे शेवटी. मृत्यू प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा. तुमच्याच सहीनं साक्षांकित चालेल."

मी त्या रात्री लिहिलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मला आठवलं की अभ्यासक्रमाच्या प्रती यायला जेवढे आठवडे लागतात तेवढेच ते देऊ करतायत, आणि मी माझ्या नाजूक भावना जपत त्यातले दोन दिवस आणखी खाल्लेत. मग लिहिलं. पाच ओळी झाल्या. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की दस्तऐवज वाचताना तो कुणी, कशासाठी लिहिला ते आधी पाहा. माझ्या त्या पाच ओळींत जवळजवळ सगळे शब्द खरे होते. पत्नीचं निधन झालं होतं. मनःस्थिती ठीक नव्हती. 'अनवधानानं' हा एकच शब्द काय तो खोटा, आणि सगळा कागद त्याच्यावर उभा होता.

झेरॉक्सवाल्यानं प्रमाणपत्र काचेवर पालथं टाकलं. "पाच काढू का काका? हे लागतच राहतं."

"एक," मी म्हटलं.

घरी येऊन त्या प्रतीवर मी 'सत्यप्रत' लिहिलं आणि बायकोच्या नावाखाली सही केली. लग्नाची नोंदणी करताना अशीच एकाखाली एक नावं आली होती आमची. तिला या गोष्टी आवडायच्या नाहीत. ती बँकेत होती, चुकीच्या कागदावर सही करणाऱ्यांचा तिला मनापासून तिटकारा होता. मी हात धुतले आणि वरण-भात लावला.

पुढचं सगळं सुरळीत झालं, हेच सांगायला मला सर्वांत जड जातं. विलंब माफ झाला. तिच्या मावसभावानं हैदराबादहून प्रती मिळवून कुरिअरनं पाठवल्या. समितीनं पेपर जुळवले, दोन कमी पडले ते तिनं पुढच्या सत्रात जादा द्यायचे ठरले. ती दुसऱ्या वर्षाला बसली. तपासणी समितीही येऊन गेली. रजिस्टराची शिलाई त्याआधी पक्की करून घेतली होती, कुणाकडून ते मी विचारलं नाही. एका सदस्यानं पान उलटून, रेघांवरून बोट फिरवून, "उत्तम," असं म्हटलं.

प्रवेशाच्या आदेशाची एक प्रत तिच्या घरी गेली होती. त्यात कारण लिहिलेलं होतं. दोनच दिवसांनी तिचे वडील तिला घेऊन कक्षात आले. चपला बाहेर काढून आले, जशा ते मशिदीबाहेर काढत असतील.

"सर, माफ करा," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुमच्या घरात मय्यत झाली, आणि आम्ही तुमच्यावर नाराज होऊन फिरत होतो. मी घरी लई वाईट बोललो तुमच्याबद्दल. आम्हाला काय माहीत? अल्लाह त्यांना जन्नत देवो."

ज्याचं मी नुकसान केलं होतं तो माणूस माझी माफी मागत होता. आयुष्यात इतकी घाण मला स्वतःच्या जवळ कधी वाटली नव्हती. "असं नका म्हणू," मी म्हटलं, "चूक माझी होती." त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या बोटांना खळीचा वास होता. "नाही सर. असं होतं. माझी अम्मी गेली तेव्हा मी एका वकिलाची पुस्तकं उलटी शिवली होती."

गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून ते गेले. मुलगी थांबली. तिला पुढच्या तासाला वेळ होता.

मी तिला सगळं सांगितलं. फोन कुणाचा होता, परिपत्रक कुठं होतं, मला तारीख आठवत होती हेही. सहायक बाहेर गेला होता, तो असता तरी सांगितलं असतं असं मला वाटतं, पण खात्री नाही.

तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "सर, मग हेच का नाही लिहिलंत?"

"हे लिहिलं असतं तर त्यांनी मान्य केलं नसतं. तुझं वर्ष गेलं असतं."

"हो," ती म्हणाली. मग तिच्या त्या दुरुस्ती करायच्या सुरात तिनं विचारलं, "आणि माझ्या वरच्या रेघावाल्यांचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तिनं मान हलवली, बॅग उचलली आणि वर्गात गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि नाही केलं असंही नाही.

त्या दुपारी मी रजिस्टर उघडलं आणि तिच्या वरच्या नावापासून फोन लावायला सुरुवात केली. पहिला नंबर बंद होता. दुसरा कुणा बाईनं उचलला, ती म्हणाली मुलगा पुण्याला गेला, तिकडेच पुन्हा पहिल्यापासून शिकतोय. तिसरा करमाडचा होता. मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"कोण बोलतंय?"

मी सांगितलं. विद्यापीठ, मार्गदर्शन कक्ष.

"कोणता कक्ष?"

"तुम्ही आला होतात. प्रवेशाच्या चौकशीला. इथं सही आहे तुमची."

"आसंल," तो म्हणाला. "लई ठिकाणी सह्या केल्या तवा. तारीख गेली म्हनले, मंग सोडलं. आता शेंद्र्याला कंपनीत आहे सर. काय काम होतं?"

मी परिपत्रक समोर घेतलं होतं. पुढच्या सत्राच्या तारखाही त्यात होत्या, त्या अजून टळलेल्या नव्हत्या. मी त्याला कोणते कागद लागतात ते सांगायला लागलो, पहिला, दुसरा, तिसरा, प्रत्येक कुठून आणायचा ते. यंत्रांचा आवाज चालू होता.

"सर," शेवटी तो म्हणाला, "मी फोन ठेवतो हां. सुपरवायझर आला."